समुद्राचा चुकलेला पाठ

जुन्या ग्रंथांचे संपादन करणाऱ्याला हस्तलिखितांत दोन प्रकारच्या चुका भेटतात. पहिली नकलाकाराच्या हातून सहज झालेली असते. एखादी ओळ गळते, एखादे अक्षर बदलते. ही चूक उघडी असते, म्हणून फारशी धोक्याची नसते. दुसरी चूक अधिक विद्वान असते. अर्थ नीट लागत नाही असे पाहून कोणी जाणता माणूस स्वतःच्या समजुतीने ओळ सुधारतो. ओळ सुबोध होते, छंदातही बसते आणि मूळ पाठ तिच्याखाली गाडला जातो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. विष्णु सीताराम सुखठणकरांनी १९२५ पासून त्या कामाला जी शिस्त लावली तिचा गाभा आमच्या मते एवढाच, की पाठ सुधारण्याआधी तो कसा बिघडला त्याची वंशावळ शोधावी.

ही शिस्त एका अगदी निराळ्या विद्येला कशी अंगी बाणवावी लागली, त्याचा इतिहास येथे सांगायचा आहे. ती विद्या म्हणजे संगणकावर पृथ्वीच्या हवामानाची प्रारूपे, म्हणजे मॉडेले, रचण्याची; आणि तिचा बिघडलेला पाठ म्हणजे उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान. साहित्याच्या वाचकाने याकडे का वळावे, असे कोणी विचारील. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या देशात या चुकीची किंमत शेवटी शेतात मोजली जाते, हे एक कारण. चूक झाकणे आणि चूक समजून घेणे यांतला भेद कोणत्याही एका विद्येच्या मालकीचा नाही, हे दुसरे.

१

उष्ण कटिबंधातला समुद्र अंशाच्या अपूर्णांकालाही फार संवेदनशील असतो. सुलोचना गाडगीळ, पी. व्ही. जोसेफ आणि एन. व्ही. जोशी यांनी १९८४ साली 'नेचर' या नियतकालिकात एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २८ अंश सेल्सियसच्या खाली असेल तर त्यावर उंच पावसाळी ढगांचे समुदाय क्वचितच बांधले जातात. तेवढा उंबरठा ओलांडला की त्यांची शक्यता एकदम वाढते. याचा अर्थ असा, की २० अंशांच्या समुद्रात एका अंशाची चूक कदाचित खपून जाईल, पण साडेसत्तावीस आणि साडेअठ्ठावीस यांच्यामध्ये ढगांचे सारे राजकारण बदलते. पाऊस कोठे पडणार, वारे कोणत्या दिशेने ओढले जाणार आणि त्या वाऱ्यांनी समुद्र पुन्हा कसा ढवळला जाणार, हे सगळे त्या एका अंशावर लोंबकळत असते.

तो अंश मोजण्याची साधने मात्र दीर्घकाळ अगदी साधी होती. १८५३ साली ब्रसेल्स येथे अमेरिकन नौदलाच्या मॅथ्यू फाँटेन मॉरी याच्या पुढाकाराने सागरी राष्ट्रांची परिषद भरली आणि जहाजांवरच्या नोंदी एकाच पद्धतीने ठेवाव्यात असे ठरले. खलाशी दोराला बांधलेली बादली समुद्रात सोडीत, पाणी वर ओढीत आणि त्यात तापमापक बुडवीत. पुढे लाकडी बादलीच्या जागी कॅनव्हासची बादली आली. तिच्यातून पाणी झिरपे, वाऱ्यावर त्याचे बाष्पीभवन होई आणि तापमापक वाचेपर्यंत पाणी किंचित थंड होऊन जाई; मातीच्या माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने. नंतर जहाजाचे यंत्र थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदवण्याची रीत रूढ झाली. ते पाणी यंत्रखोलीच्या उबेने किंचित गरम झालेले असे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील बऱ्याच नोंदी अमेरिकन जहाजांवरच्या, यंत्रखोलीतल्या पाण्याच्या आहेत. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांवरच्या बादल्यांच्या नोंदींचे प्रमाण वाढले. परिणामी १९४५ च्या अखेरीस जगाचा समुद्र एकाएकी सुमारे ०.३ अंशाने थंड झाल्याचे आलेखात दिसते. समुद्र थंड झालेला नव्हता. त्याचे लेखकू बदलले होते. हे नीट उलगडून दाखवणारा डेव्हिड थॉम्पसन आणि सहकाऱ्यांचा निबंध २००८ साली प्रसिद्ध झाला. साठ वर्षे एक पाठभेद नैसर्गिक घटनेच्या वेषात वावरत होता.

२

मोजण्यातली चूक एकवेळ पुढेमागे सापडते. समुद्राची नक्कल करू पाहणाऱ्या प्रारूपांतली चूक अधिक गुंतागुंतीची निघाली.

या कथेचे एक मूळ हिंदुस्थानात आहे. १८९९ च्या भीषण अवर्षणानंतर काही वर्षांनी, १९०४ साली, केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर येथील वेधशाळांचे प्रमुख म्हणून आले. मोसमी पाऊस आधी सांगता यावा म्हणून त्यांनी जगभरच्या नोंदींचे परस्परसंबंध तपासले. पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यातून पुढे आले. हे असे का होते, ते मात्र त्यांना सांगता आले नाही. ते सांगितले १९६९ साली कॅलिफोर्नियातील याकोब ब्यर्कनेस यांनी. पॅसिफिकचा पश्चिम भाग उबदार आणि पूर्व भाग थंड, म्हणून व्यापारी वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. आणि ते तसे वाहतात म्हणूनच पूर्वेकडे खालचे थंड पाणी वर येत राहते आणि तो फरक टिकतो. कारण आणि कार्य एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे आहेत. हवेतली लहानशी चूक समुद्रात उतरते, मोठी होते आणि व्याजासह हवेत परत येते.

त्याच १९६९ साली प्रिन्स्टन येथे स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी वातावरण आणि महासागर यांना एकत्र बांधणारे पहिले प्रारूप प्रसिद्ध केले. त्यातला भूगोल अगदी काल्पनिक आणि ढोबळ होता, पण वाट खुली झाली. पुढे खऱ्या खंडांची आणि महासागरांची प्रारूपे आली, तेव्हा एक अडचण वारंवार समोर येऊ लागली. वातावरणाच्या प्रारूपाला समुद्राचे खरे तापमान पुरवले तर ते बऱ्यापैकी वागे. समुद्राच्या प्रारूपाला खरे वारे पुरवले तर तेही वागे. दोघांची सोयरीक जुळवली, की काही वर्षांतच संसार भलतीकडे वाहवत जाई. बाहेरून कोणताही धक्का न देता समुद्र आपोआप तापू किंवा निवू लागे.

यावर उपाय निघाला तो व्यवहारी होता. हवा आणि समुद्र यांच्यात उष्णतेची आणि गोड्या पाण्याची जी देवघेव होते तिच्यात, जेथे जेवढे कमीजास्त पडते तेथे तेवढे, वरून घालायचे किंवा काढायचे. हॅम्बुर्ग येथील रॉबर्ट साउसेन, के. बार्टेल आणि क्लाउस हासेलमान यांनी १९८८ साली या रीतीची पद्धतशीर मांडणी केली. आम्ही तिला ठिगळ म्हणू. ते लावले की प्रारूपातला समुद्र आजच्या खऱ्या समुद्रासारखा दिसे आणि शंभर वर्षांची गणिते करता येत. हे करणारी माणसे लहान नव्हती. मानाबे यांनीही ही रीत वापरली, आणि २०२१ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांना विभागून मिळाले त्यांत मानाबे आणि हासेलमान हे दोघेही होते. ठिगळ लावले नसते तर त्या काळात गणितच पुढे सरकले नसते, हे त्यांच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

पण ठिगळाचा आकार पाहण्यासारखा होता. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्याने पृथ्वीवर जी जादा उष्णता अडते ती दर चौरस मीटरला सुमारे ४ वॅट. काही प्रारूपांत काही ठिकाणी ठिगळ ५० वॅटहूनही मोठे असे. टीकाकारांचा दुसरा मुद्दा त्याहून खोल होता. ठिगळ आजच्या हवामानावर बेतलेले असते. उद्याचे हवामान वेगळे झाले तर ते तेथे बसेलच याची हमी कोण देणार? डेव्हिड नीलिन आणि हेंक डाइकस्ट्रा यांनी १९९५ साली उष्ण कटिबंधातील हवा आणि समुद्र यांच्याविषयी लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच या दुरुस्तीच्या 'धोक्यांचा' उल्लेख आहे. आपसांत गुंतलेल्या या व्यवस्थेत वरून केलेली दुरुस्ती तिचा स्वभावच बदलू शकते, हे त्यांनी गणिताने दाखवले.

३

१९९५ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे. कार्लोस मेचोसो आणि अनेक सहकाऱ्यांनी अकरा प्रारूपे शेजारी शेजारी ठेवून उष्णकटिबंधीय पॅसिफिकचे वर्षभराचे चक्र तपासले. निरनिराळ्या हस्तलिखितांचे पाठ जुळवून पाहावेत तसेच हे काम होते, आणि निष्कर्षही तसाच बोलका निघाला. वेगवेगळ्या माणसांनी रचलेली ही प्रारूपे बहुतांशी एकाच जागी, एकाच दिशेने चुकत होती. विषुववृत्तावरची थंड पाण्याची जीभ फार थंड, फार अरुंद आणि पश्चिमेकडे फार लांब गेलेली. पेरूच्या किनाऱ्याजवळचा समुद्र मात्र नको तितका उबदार. खऱ्या पॅसिफिकमध्ये पावसाचा ठळक पट्टा प्रामुख्याने विषुववृत्ताच्या उत्तरेला असतो. प्रारूपांत दक्षिणेलाही त्याचा जुळा भाऊ उभा राहत होता. अनेक प्रतींत एकच चूक सापडली तर तिचे मूळ समान असले पाहिजे, हा पाठचिकित्सेचा पहिला नियम येथे जसाच्या तसा लागू पडतो.

पेरूच्या किनाऱ्यावर ते मूळ अंशतः ढगांत सापडले. तेथे थंड समुद्रावर स्तरराशी मेघांचे विस्तीर्ण, सखल आच्छादन असते. ते ऊन परतवून लावते, म्हणून समुद्र थंड राहतो. समुद्र थंड राहतो म्हणून ते आच्छादन टिकते. प्रारूपांच्या मोठाल्या चौकटींत हे पातळ ढग नीट उतरत नव्हते. ढग कमी म्हणून ऊन जास्त, ऊन जास्त म्हणून समुद्र उबदार, आणि समुद्र उबदार म्हणून ढग आणखी कमी. मेचोसो, अकिओ अराकावा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रारूपात पेरूजवळचे ढग मुद्दाम भरून पाहिले, तेव्हा दूरवरचा समुद्र आणि वारेही सुधारले. प्रयोगापुरते घातलेले ते ढग हेही एका अर्थी ठिगळच. पण त्याचा हेतू झाकण्याचा नव्हता, रोगाची जागा दाखवण्याचा होता. त्या जागी प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासाठी २००८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चिली आणि पेरूच्या किनाऱ्यापलीकडे विमाने आणि जहाजे घेऊन एक मोठी मोहीम काढण्यात आली.

अटलांटिकची कथा याहून चमत्कारिक आहे. तेथेही विषुववृत्तावर पश्चिमेकडे उबदार आणि पूर्वेकडे, आफ्रिकेच्या बाजूला, थंड पाणी असते. मायकेल डेव्ही आणि सहकाऱ्यांनी २००२ साली तेवीस प्रारूपे तपासली, तर जवळजवळ सर्वांत हा उतार उलटा झालेला आढळला. इतके ढळढळीत उलटे वाचन कसे झाले? इंगो रिश्टर आणि शांग-पिंग शिए यांनी २००८ साली त्याचा माग काढला, आणि तो समुद्रातून निघून जमिनीवर पोहोचला. वातावरणाच्या प्रारूपांत वसंत ऋतूत ॲमेझॉनच्या खोऱ्यात पाऊस कमी आणि आफ्रिकेवर जास्त पडत होता. त्यामुळे विषुववृत्तावरचे व्यापारी वारे दुबळे होत. वारे दुबळे पडले की पूर्वेकडे थंड पाण्याचा थर खोल दबतो, आणि उन्हाळ्यात ते पाणी वर येऊन पृष्ठभाग थंड करण्याची वेळ येते तेव्हा वर यायला थंड पाणीच हाताशी नसते. चूक दिसते जुलैत गिनीच्या आखाताजवळ. पेरली जाते वसंतात, अर्धे त्याच महासागरापलीकडच्या अरण्यावर. जुलैतल्या समुद्राला ठिगळ लावणाऱ्याला ही वाट कधीच दिसली नसती. गिनीच्या किनाऱ्यावरचा पाऊस या समुद्राच्या उबेशी बांधलेला आहे, एवढे सांगितले म्हणजे तेथील शेतकऱ्याच्या दृष्टीने या संशोधनाचे मोल ध्यानात येईल.

दरम्यान मूळ प्रतही अधिक विश्वसनीय होत होती. १९८५ ते १९९४ या दशकात चाललेल्या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाच्या अखेरीस पॅसिफिकच्या विषुववृत्तावर सुमारे सत्तर नांगरलेल्या तरंगत्या वेधयंत्रांची रांग पुरी झाली. पुढे अटलांटिकात आणि त्यानंतर हिंदी महासागरातही अशा रांगा उभ्या राहिल्या. ताडून पाहायला खरे काही हाती असले तरच चूक ही चूक ठरते.

मग ठिगळे उतरू लागली. ब्रिटनच्या हॅडली केंद्राने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रारूपात समुद्राच्या चौकटी लहान करून आणि भौतिकी सुधारून वरची दुरुस्ती पूर्णपणे काढून टाकली होती; अमेरिकेत बोल्डर येथेही दोनेक वर्षे आधी असेच पाऊल पडले होते. २००७ च्या आंतरशासकीय समितीच्या अहवालापर्यंत बहुतेक प्रारूपे ठिगळाविना उभी होती. ती निर्दोष झाली नव्हती. थंड जीभ, उबदार किनारे, पावसाचा जुळा पट्टा, सारे होतेच. आता ते उघड दिसत होते, आणि उघड दिसणाऱ्या दोषाचे कारण शोधता येते. आमच्या मते या इतिहासातला सर्वांत धाडसी क्षण हाच. नीटनेटके चित्र हातचे सोडून देऊन बिघडलेले चित्र जगासमोर ठेवायला या विद्येने मान्यता दिली.

४

भारतात हा प्रश्न मोसमी पावसाच्या अंदाजाच्या रूपाने आला. वसंत गोवारीकर यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले सोळा घटकांचे प्रारूप १९८८ पासून वापरात होते. ते वॉकरच्या परंपरेतले, संख्याशास्त्रीय. एल निनोपासून हिमालयातील बर्फापर्यंतचे संबंध त्यात गुंफलेले होते. २००२ साली अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. प्रत्यक्षात जुलैत सरासरीच्या जेमतेम निम्मा पाऊस झाला आणि हंगाम १९ टक्के तुटीने संपला. २००९ मध्ये तूट २२ टक्क्यांच्या घरात गेली. पेरणी करून बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला या टक्क्यांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. जुने संबंध बदलत्या काळात टिकत नाहीत, आणि का टिकत नाहीत हे संबंधांवरूनच कळत नाही. म्हणून समुद्र आणि हवा यांचे प्रत्यक्ष गणित करणाऱ्या प्रारूपांकडे वळणे अटळ झाले.

२०१२ साली 'मान्सून मिशन' सुरू झाले आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने अमेरिकेकडून घेतलेले एक प्रारूप आपल्या पावसासाठी घडवायला घेतले. त्यात उष्णकटिबंधीय समुद्र खऱ्यापेक्षा थंड राहत होता आणि भारतीय भूमीवर पाऊस कमी पडत होता. जगातील इतर अनेक प्रारूपांतही अरबी समुद्र हिवाळ्यात आणि वसंतात नको तितका थंड असतो, आणि थंड समुद्र मोसमी वाऱ्यांना बाष्प कमी देतो. संशोधकांनी या थंडीचा माग काढला. तो दक्षिण-मध्य आशियाच्या भूमीवर निघाला. प्रारूपांत ती भूमी हिवाळ्यात फाजील थंड असते आणि तिच्यावरून येणारे वारे समुद्राची ऊब हिरावून नेतात. जूनमधल्या कोकणातल्या पावसाची चूक अशी डिसेंबरच्या परक्या पठारावर जन्म घेऊ शकते.

पुण्यातील या संस्थेत आर. कृष्णन, पी. स्वप्ना आणि सहकाऱ्यांनी त्याच प्रारूपाच्या पायावर दीर्घ मुदतीचे भूप्रणाली-प्रारूप उभे केले. त्याचा वृत्तांत २०१५ साली प्रसिद्ध झाला. महासागराचा भाग बदलून त्यांनी समुद्र हळूहळू थंड होत जाण्याची खोड बरीच कमी केली. २०२१ च्या आंतरशासकीय अहवालासाठी जी जागतिक तुलना झाली, तीत भारतातून सहभागी झालेले हे पहिले प्रारूप. त्याच २०२१ पासून भारतीय हवामान विभागाने हंगामी अंदाजासाठी अनेक प्रारूपांच्या निष्कर्षांचा एकत्र मेळ घालण्याची रीत स्वीकारली. एका प्रतीवर विसंबू नये, हा धडा येथेही उपयोगी पडला.

म्हणून प्रश्न सुटला असे नाही. पावसाचा जुळा पट्टा तीन पिढ्यांच्या प्रारूपांत कमी होत गेला, पण अजून गेलेला नाही. त्याहून गंभीर वाद पॅसिफिकचा आहे. गेल्या चार दशकांच्या नोंदींत पूर्वेकडचा विषुववृत्तीय पॅसिफिक फारसा तापलेला दिसत नाही. बहुतेक प्रारूपांनी मात्र तो तापायला हवा असे सांगितले होते. रिचर्ड सीगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली असे प्रतिपादन केले, की दोष त्या जुन्या, फाजील थंड जिभेतच आहे. आजचा समुद्र चुकीचा वाचणारे प्रारूप उद्याचा समुद्रही चुकीचा वाचते. काहींना यात निसर्गाचे तात्पुरते हेलकावेच अधिक दिसतात. हा वाद आज मिटलेला नाही, आणि आपल्या मोसमी पावसाचा पुढचा अंदाज काही अंशी त्याच्या निकालावर अवलंबून आहे.

ठिगळही पूर्णपणे इतिहासजमा झालेले नाही. काही महिन्यांपुरत्या अंदाजासाठी ते आजही काही ठिकाणी जाणीवपूर्वक वापरतात, आणि चक्रीवादळांच्या बाबतीत त्याचा फायदाही दिसला आहे. प्रारूपाची चूक यंत्राला शिकवून ती आपोआप भरून काढण्याचे प्रयोग अलीकडे जोरात आहेत. त्यांना आमचा विरोध नाही. उद्या पेरणी करायची की नाही, या प्रश्नावर उभ्या असलेल्या माणसाला पाठचिकित्सा पुरी होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. पण शिकलेली दुरुस्ती ही शेवटी भूतकाळातून शिकलेली असते, आणि आपण ज्या समुद्राकडे चाललो आहोत तो भूतकाळात कधी नव्हता. अशा समुद्राच्या किनाऱ्यावर उभे राहताना उत्तर बरोबर आले एवढ्याने भागत नाही. ते कोणत्या वाटेने आले, हे विचारावेच लागते. ॲमेझॉनच्या अरण्यापर्यंत आणि आशियाच्या थिजलेल्या पठारापर्यंत चुकीचा माग काढत गेलेल्या या संशोधकांनी तो प्रश्न विचारण्याची सवय टिकवली, हे त्यांचे मोठे काम आहे.